न बनणाऱ्या सिनेमाचा ट्रेलर

इंग्रजी सिनेमाचं कुठलंही पोस्टर घ्या आणि अगदी तळाशी बघा. तिथे उंच, सडपातळ, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या अक्षरांत नावांची दाटी असते. निर्माते, लेखक, संकलक, संगीतकार, वेशभूषाकार. चार पावलं मागे सरकलं की त्यातलं काही वाचता येत नाही. ही अक्षरं अशी पिळून काढल्यासारखी का दिसतात, याचं उत्तर करारात आहे. कलावंताचं नाव सिनेमाच्या शीर्षकाच्या अमुक टक्के आकाराचं हवं, असं करारात लिहिलेलं असतं आणि हा आकार अक्षराच्या उंचीवरून मोजतात. तेव्हा पोस्टर करणाऱ्यांनी उंची राखली आणि रुंदी आवळली.

आता इंग्लंडमधल्या एखाद्या शाळेतली सतरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. संगणकावर ती हीच पट्टी जुळवते आहे. नावं चारच आहेत, तिचं आणि तिच्या तीन मित्रमैत्रिणींचं. तीच चार नावं फिरून फिरून दिग्दर्शक होतात, संकलक होतात, निर्माते होतात. ज्या सिनेमासाठी हे चाललंय तो सिनेमा अस्तित्वात नाही आणि पुढेही होणार नाही. तरीही अक्षरांची उंची बरोबर आली पाहिजे म्हणून ती तासभर बसली आहे. सिनेमा शिकवण्याच्या ज्या रीती मी पाहिल्या-वाचल्या, त्यांत ही रीत मला फार मोलाची वाटते.

ब्रिटनमध्ये सोळा ते अठरा वयाची मुलं ‘ए-लेव्हल’साठी तीन-चार विषय निवडून शिकतात. आपल्या अकरावी-बारावीच्या वयाचीच ही मुलं. ‘मीडिया स्टडीज’ हा त्यांतला एक विषय. ओसीआर या परीक्षा मंडळाचा २००८पासून सुमारे दहा वर्षं चाललेला अभ्यासक्रम घेऊ. त्यात दुसऱ्या वर्षाच्या प्रत्यक्ष कामासाठी जे पर्याय होते त्यांतला एक होता नव्या सिनेमाचा प्रसिद्धी-संच. मुख्य काम टीझर ट्रेलरचं. त्याच्या जोडीला सिनेमाचं पोस्टर, सिनेमा-मासिकाचं मुखपृष्ठ आणि वेबसाइटचं पहिलं पान यांतली कोणतीही दोन कामं. गट जास्तीत जास्त चौघांचा. १०० गुणांपैकी ट्रेलरला ४०, जोडकामांना प्रत्येकी १०, आधीच्या शोधाला आणि आखणीला २०, आणि शेवटी आपल्याच कामाची चिकित्सा करण्याला २०. म्हणजे कॅमेरा हातात घेण्याआधीच्या आणि तो खाली ठेवल्यानंतरच्या विचाराला मिळून ४० गुण. हा हिशेब ज्यांनी केला त्यांना सिनेमाचं काम माहीत होतं.

मूळ सिनेमा मात्र कोणी मागतच नसे. वरवर पाहता ही सवलत वाटते, पण प्रत्यक्षात हीच यातली अवघड गोष्ट आहे. दोन तासांचा सिनेमा तयार असेल तर त्यातून दीड मिनिट निवडायचं असतं. सिनेमाच नसेल तर तो आधी पूर्ण मनात रचावा लागतो आणि मग त्यातलं दीड मिनिट तेवढं चित्रित करावं लागतं. नायकाला काय हवंय, खलनायक कोणाला घाबरतो, शेवटी काय उघड होतं, हे पक्कं नसेल तर ट्रेलरमध्ये नुसती धावपळ उरते आणि पाहणाऱ्याला ती लगेच कळते.

‘ट्रेलर’ या शब्दाचा अर्थ मागून येणारा. सुरुवातीला हे तुकडे सिनेमा संपल्यावर दाखवत, म्हणून हे नाव पडलं. अगदी पहिल्या ट्रेलरांपैकी एक १९१३चा, न्यूयॉर्कचा. मार्कस लोव यांच्या थिएटरांच्या साखळीत जाहिरातींचं काम पाहणाऱ्या निल्स ग्रॅनलंड यांनी ‘द प्लेझर सीकर्स’ या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेच्या तालमींचा छोटा चित्रतुकडा करून पडद्यावर दाखवला. त्याच वर्षी मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता. पुढे लक्षात आलं की सिनेमा संपला की लोक उठून जातात. मग मागून येणारा तुकडा पुढे आला, नाव मात्र तेच राहिलं.

अशा कामासाठी बरेच गट भयपट निवडत. काळोख, रिकामं घर, मागून येणारी पावलं एवढ्यावर काम भागतं. गुन्हेगारी विनोदपट निवडणारे थोडे, आणि त्यांच्याबद्दल मला विशेष आस्था आहे. कारण त्यांनी एकाच वेळी दोन आश्वासनं दिलेली असतात. गुन्हा खरा वाटला पाहिजे, नाहीतर पुढे काय होईल याची काळजी वाटणार नाही. हसूही आलं पाहिजे, आणि तेही गुन्ह्याची धार न घालवता. चोर नुसता बावळट दाखवला तर ते प्रहसन होतं, नुसता क्रूर दाखवला तर थरारपट. या दोन्हींच्या मधली वाट फार अरुंद आहे.

या वाटेवर ब्रिटिश सिनेमा मात्र पूर्वीपासून चालत आलाय. लंडनच्या ईलिंग स्टुडिओने १९५१मध्ये ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ काढला. बँकेचा एक मवाळ कारकून सोनं पळवतो आणि ते वितळवून आयफेल टॉवरच्या छोट्या शोभेच्या प्रतिकृतींच्या रूपात देशाबाहेर पाठवतो. अलेक गिनेस या कारकुनाच्या भूमिकेत होते आणि पटकथेसाठी टी. ई. बी. क्लार्क यांना ऑस्कर मिळालं. १९५५च्या ‘द लेडीकिलर्स’मध्ये पाच दरोडेखोर संगीताच्या तालमीची बतावणी करून एका म्हातारीच्या घरात खोली घेतात आणि त्या भाबड्या बाईपुढे त्यांचं काही चालत नाही. दोन्ही ठिकाणी योजना खरी आहे, लोभ खरा आहे. हसू येतं ते माणसांच्या सभ्यपणामुळे. १९९८मध्ये गाय रिची यांच्या ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ने त्यातला सभ्यपणा काढून घेतला आणि वेग भरला. मुलं बहुधा याच सिनेमापासून सुरुवात करतात. मागे जाऊन ईलिंगचे सिनेमे पाहणाऱ्या गटाचं काम वेगळं उठून दिसतं, असं मला वाटतं.

आणि मग दिग्दर्शक एडगर राइट. सॉमरसेटमधलं वेल्स हे त्यांचं गाव. तिथेच त्यांनी १९९३मध्ये, विशीच्या आत, मित्रांना घेऊन ‘डेड राइट’ नावाचा हौशी पोलिसपट व्हिडिओवर चित्रित केला. चौदा वर्षांनी, २००७मध्ये, ‘हॉट फझ’ आला. लंडनचा अतिकर्तबगार पोलिस अधिकारी एका शांत खेडेगावात बदलून येतो आणि तिथे माणसं मरू लागतात. चित्रीकरण पुन्हा वेल्समध्येच झालं. तिथलं भलंमोठं कॅथीड्रल खेडेगावाला शोभणार नाही म्हणून संगणकावर पुसून टाकलं. ‘हॉट फझ’च्या डीव्हीडीवर तो जुना ‘डेड राइट’ही दिलेला आहे. एकाच माणसाने त्याच गावात, त्याच जातीच्या गोष्टीवर शाळकरी वयात केलेलं काम आणि कसलेल्या वयात केलेलं काम असं शेजारी ठेवून पाहायला मिळणं, ही विद्यार्थ्यासाठी मोठी मिळकत आहे.

आता काम कसं चालतं ते जवळून बघू. त्यासाठी आपणच एक गोष्ट रचू आणि नाव देऊ ‘धूळ’. दोन मित्र बसस्टॉपवर चुकून दुसऱ्याचीच बॅग उचलतात. घरी येऊन उघडतात तर आत पैसे नाहीत, झाकणाची एक बरणी आहे. बॅग आहे गावातल्या गुंडाची, आणि बरणीत त्याच्या आईची राख. ब्रिटनमध्ये दहनानंतरची राख नातेवाइकांच्या हाती दिली जाते आणि कित्येक जण ती घरात ठेवतात. त्यामुळे प्रसंग त्या मातीतलाच आहे. खर्च एका बरणीचा.

पहिली पंधरा सेकंदं हसू अजिबात नको. ओला रस्ता, दिव्याचा पिवळा उजेड, चालणारे बूट, हातात हलणारी बॅग, खाली चेलोचा एकच लांबलेला स्वर. पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा गंभीर सिनेमा आहे. मग फोन वाजतो. गुंड शांतपणे सांगतो की त्या बॅगेत माझी आई आहे. इथे गोष्ट वळली.

पुढचा तुकडा पाच शॉट्सचा. गालिच्यावर फिरणारं व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड आणि त्याची घरघर. दारात येऊन थबकलेला दुसरा मित्र. त्याच्या नजरेला दिसणारी, टेबलावर आडवी पडलेली, झाकण निघालेली बरणी. पुन्हा त्याचा चेहरा. आणि शेवटी यंत्राचं पारदर्शक भांडं, आत राखाडी भुकटी गरगरतेय. हे भांडंसुद्धा ब्रिटिशच. जेम्स डायसन यांनी १९९३मध्ये पिशवी नसलेलं आपलं पहिलं यंत्र स्वतःच्या नावाने बाजारात आणलं, त्यात ओढलेली धूळ बाहेरून दिसायची. यंत्रात कापडी पिशवी असती तर हा विनोद दाखवता आला नसता, बोलून सांगावा लागला असता. वस्तू निवडतानाच विनोद घडतो तो असा.

ब्रिटनमध्ये व्हिडिओच्या एका सेकंदात २५ फ्रेम असतात. मित्राचा चेहरा पहिल्या संकलनात १० फ्रेम ठेवला, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून कमी. बरणी रिकामी आहे हे प्रेक्षकाच्या ध्यानात येण्याआधीच भांडं समोर आलं, आणि हसू आलं नाही. दुसऱ्यांदा तो ३५ फ्रेम केला. आता प्रेक्षकाला मित्राच्या बरोबरीने गोष्ट समजली. तरीही काहीतरी उणं वाटत राहिलं. मग ध्वनीकडे लक्ष गेलं. व्हॅक्यूम क्लीनर बटण दाबल्याबरोबर गप्प होत नाही. मोटर खाली उतरत जाते, आवाज ओढल्यासारखा खर्जात जातो आणि मग थांबतो. संकलनात तो आवाज चित्राबरोबर तोडला होता. तो तोडायचा नाही, चेहऱ्यावरच्या शॉटखाली पूर्ण उतरू द्यायचा. जणू खोलीचाच श्वास सुटतोय. त्यानंतरची शांतता कुठलंही संगीत न घालता तशीच ठेवायची. चित्र पुढे गेलं तरी मागच्या शॉटचा आवाज चालू ठेवण्याच्या या जोडणीला संकलक ‘एल कट’ म्हणतात. व्याख्या पुस्तकात सापडते. तिचा उपयोग मात्र अशा एखाद्या संध्याकाळी, तीच सात सेकंदं चाळीस वेळा पाहिल्यावर कळतो.

गुंडाच्या हातात काय द्यायचं, हा पुढचा प्रश्न. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी खोटी बंदूक बाळगणं हाही गुन्हा आहे आणि खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुकांच्या विक्रीवर २००६च्या कायद्याने निर्बंध आणले. रस्त्यात कोणी घाबरून फोन केला तर सशस्त्र पोलिस येतात. म्हणून अशा चित्रीकरणाआधी शाळेची परवानगी आणि स्थानिक पोलिसांना सूचना, दोन्ही लागतात. ही बंधनं मला अडचण वाटत नाहीत, उपकारक वाटतात. बंदूक हातात आली की नट अभिनय करायचं थांबवतो. ती नसली की धाक आवाजातून, डोळ्यांतून, चष्मा पुसण्याच्या संथपणातून आणावा लागतो.

वयाची अडचणही तशीच. सतरा वर्षांच्या मुलाला मिशी चिकटवून पन्नाशीचा गुंड केला की शाळेचं स्नेहसंमेलन समोर येतं. अ‍ॅलन पार्कर यांनी १९७६च्या ‘बग्झी मलोन’मध्ये हा पेच मुळापासून सोडवला. गुंडांची सगळी दुनियाच मुलांची केली, आणि बंदुकांतून गोळ्यांऐवजी क्रीमसारखा पांढरा लगदा उडवला. सगळीच मुलं असल्यामुळे कोणीच मूल वाटत नाही. नाहीतर एखाद्याच्या काकांना किंवा शिक्षकांना विनवून गुंड करावं, हा सोपा मार्ग.

आता पोस्टर. इथे बहुतेक मुलं एकाच जागी चुकतात. पडद्यावर सतत दिसणारी पोस्टरं अमेरिकी असतात, उभी, २७ इंच रुंद आणि ४० इंच उंच. ब्रिटिश थिएटरचं पारंपरिक पोस्टर आडवं असतं, ४० इंच रुंद आणि ३० इंच उंच. त्याला ‘क्वाड’ म्हणतात. आडव्या चौकटीत एकटा चेहरा भरत नाही, रांग मात्र छान बसते. ‘धूळ’साठी म्हणूनच पोलिस ठाण्यातली ओळखपरेड सुचते. मागे उंचीच्या आडव्या रेघा, पुढे दोन मित्र, गुंड, आणि त्यांच्याच रांगेत गुमान उभा असलेला व्हॅक्यूम क्लीनर. रेघांमुळे गुन्हा कळतो, यंत्रामुळे विनोद, आणि यंत्राच्या पोटात काय आहे ते कळत नाही.

हे शेवटचं फार महत्त्वाचं. पोस्टरने प्रश्न उभा करायचा, ट्रेलरने तो वाढवायचा. ट्रेलरमध्ये राख उघड केली तर सिनेमातला मोठा विनोद खर्ची पडला, असं गटातल्या एकाचं मत असू शकतं. दुसऱ्याचं म्हणणं असेल की हा प्रसंग सिनेमाच्या पंधराव्या मिनिटाचा आहे, खरा सिनेमा त्यानंतर सुरू होतो. दोघांचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे, आणि हा वाद घालता यावा यासाठीच आख्खी गोष्ट आधी रचलेली असावी लागते. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने.

ईलिंगने आपल्या पोस्टरांसाठी चित्रकार बोलावले होते. ‘लॅव्हेंडर हिल मॉब’चं पोस्टर व्यंगचित्रकार रोनाल्ड सर्ल यांनी केलं. ती रेषा पाहिल्याबरोबर सिनेमाचा स्वभाव कळतो. छायाचित्रांच्या गर्दीत मुलांनी एकदा तरी हाताने चित्र काढून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

मासिकाचं मुखपृष्ठ हे वेगळंच काम आहे. ‘एम्पायर’ हे सिनेमा-मासिक १९८९पासून निघतंय. त्याच्या मुखपृष्ठावर नटाचं डोकं मासिकाच्या नावावर चढलेलं असतं, कारण दोन अक्षरं झाकली गेली तरी वाचक नाव ओळखतो. नव्या, काल्पनिक मासिकाला हे परवडणारं नाही. इथे पोस्टरची रांग चालत नाही, एकच माणूस हवा, आणि त्याने थेट वाचकाकडे पाहायला हवं. कोपऱ्यात बारकोड, किंमत, बाकीच्या लेखांच्या चार ओळी. त्या ओळीही कोणालातरी विचार करूनच लिहाव्या लागतात. गुंडाच्या खांद्यावर यंत्राची नळी, त्याचा चेहरा दगडी, पोस्टरवरचाच पिवळा रंग, शीर्षकाचं अक्षर ट्रेलरमधलंच. शेवटच्या चिकित्सेत मुलांना चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत, आणि त्यांतला दुसरा हाच होता. मुख्य काम आणि जोडकामं एकत्र किती परिणामकारक ठरतात? पोस्टर गडद आणि हिंसक, मुखपृष्ठ हसरं, ट्रेलर तिसऱ्याच चालीचा असं झालं की हे एकाच सिनेमाचे भाऊबंद वाटत नाहीत.

पोस्टरच्या कोपऱ्यात वयोगटाचं चिन्ह येतं आणि ते टाकताना पुन्हा एकदा ठरवावं लागतं की हा सिनेमा कोणासाठी आहे. ब्रिटनमध्ये हे काम १९१२मध्ये स्थापन झालेली बीबीएफसी करते. यू, पीजी, १२ए, १५, १८ अशी चढती श्रेणी. ट्रेलरचं वर्गीकरण सिनेमापासून स्वतंत्र होतं. म्हणून १५ वर्षांवरच्यांसाठी असलेल्या सिनेमाचा सौम्य ट्रेलर लहानांच्या खेळाआधीही दाखवता येतो. गुंडाच्या तोंडी एक शिवी घातली की प्रेक्षकांतला किती हिस्सा गळतो, याचा विचार मुलं इथे पहिल्यांदा करतात.

न झालेल्या सिनेमाचा ट्रेलर ही केवळ शाळेतली कल्पना नाही. २००७मध्ये रॉबर्ट रॉड्रिगेझ आणि क्वेंटिन टॅरँटिनो यांच्या ‘ग्राइंडहाउस’मध्ये अस्तित्वात नसलेल्या सिनेमांचे ट्रेलर घातले होते. त्यांतला ‘डोन्ट’ एडगर राइट यांचा. ‘मशेटी’चा ट्रेलर लोकांना इतका भावला की २०१०मध्ये तो सिनेमा खरोखरच काढावा लागला. त्याच निमित्ताने हौशी मंडळींसाठी ट्रेलरची स्पर्धा झाली, ती कॅनडाच्या जेसन आयझनर यांनी मित्रांसोबत केलेल्या ‘होबो विथ अ शॉटगन’ने जिंकली आणि २०११मध्ये त्याचाही पूर्ण सिनेमा झाला.

नव्या अभ्यासक्रमात, २०१७पासून, ए-लेव्हलचं हे प्रत्यक्ष काम ३० टक्के गुणांचं आणि प्रत्येकाचं स्वतंत्र झालं. मित्र अभिनय करू शकतात, कॅमेरा धरू शकतात, पण गुण एकट्याच्या कामाला. कोणी किती केलं हे त्यामुळे नीट कळतं, हे खरं. पण विनोदपट एकट्याने होत नाही, अशी माझी धारणा आहे. समोरच्याला हसू आलं नाही हे सांगायला समोर कोणीतरी हवं.

विनोदी नट मार्क्स बंधूंनी ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ हा १९३५चा सिनेमा करण्याआधी त्यातले प्रसंग रंगमंचावर नेऊन गावोगावी खेळ केले होते. लोक कुठे हसतात, किती वेळ हसतात हे टिपून घेतलं आणि पुढचं वाक्य त्या हशात बुडू नये एवढी जागा सिनेमात सोडली. मुलांच्या कामातला तिसरा प्रश्न, प्रेक्षकांच्या प्रतिसादातून काय शिकलात, हा याच परंपरेतला आहे. बरेच गट त्यासाठी प्रश्नावली वाटत. प्रश्नावलीत मित्र चांगलंच लिहितात. त्यापेक्षा वर्गात दिवे घालवावेत, ट्रेलर लावावा आणि पडद्याकडे न पाहता बसलेल्यांच्या चेहऱ्यांकडे पाहावं.

‘धूळ’ असा दाखवला तर काय घडेल, ते कल्पून पाहा. ओल्या रस्त्याशी वर्ग गप्प होतो, ते ठीक. आईबद्दलच्या वाक्यावर एखादा हुंकार. मोटरचा आवाज उतरतो तेव्हा मागच्या बाकावरून हसू फुटतं आणि पुढे पसरतं. भांड्याच्या शॉटवर ते सर्वात मोठं होतं, आणि त्याच क्षणी संकलनातलं शीर्षक धाडकन येतं, त्याचं संगीत हशावर आदळतं आणि हसू तिथेच तुटतं. दिवे लागतात. चौघंजण एकमेकांकडे पाहतात. चूक कुठे आहे हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. संगणक पुन्हा उघडला जातो, भांड्याचा शॉट टोकाला धरून ओढला जातो, आणि शीर्षकाआधी ४० फ्रेमची जागा मोकळी होते.